वाण

पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्रात सुरू होतो; परंतु वसंत पंचमी मात्र माघातच येऊन जाते. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या माणसांना या विसंगतीचे फारसे नवल वाटत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात, कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच शिखराच्या परिसरात, माघाचा महिना दोन ऋतूंचा असतो. पहाटे गवताच्या पात्यापात्यावर दंव साचलेले असते आणि बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघते. दुपारी मात्र उन्हाचा पहिला चटका पाठीला जाणवतो, आणि पाने गाळून बसलेल्या सावरीच्या फांद्यांवर लाल फुले उमललेली दिसतात. थंडी अजून गेलेली नसते. वसंत उंबऱ्याशी येऊन उभा असतो.

अशा या मुलखातील एका वाडीत, डोंगराच्या उताराला टेकून, एक कौलारू घर आहे. घरात तीन पिढ्या नांदतात. सत्तरी ओलांडलेली आजी, तिचा मुलगा व सून, आणि पाचवीत शिकणारा नातू. घरापुढे सारवलेले अंगण, डाव्या हाताला गोठा आणि मागे परसबाग. परसबाग म्हणजे शोभेची बाग नव्हे. घरातील माणसांना वर्षभर ताटात जे हवे असते, त्यातील बरेचसे या लहानशा जागेत पिकते. म्हणून घरातील कामे कोठे संपतात आणि बागेतील कामे कोठे सुरू होतात, हे सांगणे कठीण आहे.

सूर्य वर येण्यापूर्वीच घर जागे होते. सून चूल पेटवते आणि तिच्या धगीपाशी क्षणभर हात शेकून गोठ्याकडे वळते. गायीच्या अंगावर रात्री टाकलेले गोणपाट काढायचे, वासराला सोडायचे, धार काढायची, आणि गोठा झाडून शेण पाटीत भरायचे. त्यातील थोडे सड्यासाठी आणि सारवणासाठी बाजूला निघते, थोडे गोवऱ्यांसाठी, आणि उरलेले उकिरड्यावर जाते. मुलगा विजेची वेळ साधून शेतावरचा पंप सुरू करण्यास निघतो. नातू न्हाणीतल्या चुलीत काटक्या सारतो. या काटक्या परसातल्याच असतात. शेवग्याच्या छाटलेल्या फांद्या आणि तुरीचे वाळलेले खुंट. आजी खराटा घेऊन अंगण झाडते. गोळा झालेला पालापाचोळा ती पेटवून देत नाही. शेकोटीला पुरेल एवढाच बाजूला काढून बाकीचा केळीच्या बुंध्याशी पसरते. ऊन वाढू लागले की ओल झाकलेली बरी, एवढाच तिचा हिशेब.

पाण्याचा हिशेब याहून काटेकोर आहे. पावसाळ्यात या डोंगरांवर धो धो पाणी कोसळते. पण उतारावरचे पाणी थांबत नाही. माघ लागला की विहिरीतील पाणी पायरीपायरीने खाली जाऊ लागते, आणि मृगाचा पाऊस तर अजून चार महिने दूर असतो. म्हणून या घरात पाणी एकदाच वापरून कोणी टाकत नाही. तांदूळ धुतलेले पाणी गायीच्या घमेल्यात पडते. न्हाणीचे पाणी चर खणून केळीच्या आळ्यात नेले आहे. भांडी राखेने घासतात. ते पाणी मोरीतून थेट अळवाला मिळते. अळूची हिरवी पाने माघातही टवटवीत दिसतात, ती या उष्ट्या पाण्यावर. चुलीतील राख वांग्या-मिरच्यांच्या बुंध्याशी पडते; मावा दिसू लागला तर पानांवरही भुरभुरतात. एका कामातून उरलेले दुसऱ्या कामाच्या उपयोगी पडते.

परसाच्या कुंपणाजवळ बांबूचा मांडव आहे आणि त्यावर वालाचा वेल पसरला आहे. पावसाळ्यात लावलेला हा वेल नुसता पानांनी वाढत राहतो. दिवस लहान होऊन थंडी पडू लागली, की मग तो फुलतो. सारी थंडीभर त्याने घराला शेंगा पुरविल्या. आता त्याचा हंगाम सरत आला आहे. खालची पाने पिवळी पडली आहेत, आणि वर मोजक्याच शेंगा उरल्या आहेत. त्यांपैकी मधल्या फांदीवरच्या काही शेंगा विशेष भरदार आहेत. त्या फांदीला आजीने मार्गशीर्षातच लाल चिंधीची गाठ मारून ठेवली होती. चिंधी बांधलेल्या फांदीला हात लावायचा नाही, हा त्या घराचा न लिहिलेला नियम आहे.

एके सकाळी पाहुणे येणार असल्याचा निरोप आला. सून टोपली घेऊन घाईघाईने मांडवाखाली गेली. चार ठिकाणच्या शेंगा गोळा केल्या, तरी टोपलीचा तळ झाकेना. तिचा हात साहजिकच त्या भरदार घोसाकडे गेला. पण चिंधी दिसताच थांबला. ओसरीवर बसलेल्या आजीकडे पाहून ती म्हणाली, “आत्याबाई, घरात पाहुणे यायचे आणि चांगल्या शेंगा वेलावर वाळत ठेवायच्या! बाजारात बियांची पुडी मिळते. मग एवढा सायास कशासाठी?”

आजीने लगेच उत्तर दिले नाही. ती म्हणाली, “आज अळूचे फदफदे कर. पाहुणे बोटे चाटतील.” आणि ती हातातल्या कामाला लागली.

सुनेचा प्रश्न गैर नव्हता. याच घराच्या शेतात टोमॅटो पिकतो, तो बाजारातून आणलेल्या संकरित बियांचाच. त्या पिकाच्या पैशांतून पंप आला आणि नातवाच्या शिक्षणाचा खर्च भागतो. संकरित वाणाने शेतकऱ्याला भरघोस उत्पन्न दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या बियाण्याचा एक स्वभाव आहे. दोन वेगळ्या जातींच्या संकरातून त्याची पहिली पिढी जोमदार व एकसारखी निपजते. तिचे बी धरून पुन्हा पेरले, तर पुढची पिढी तशी येत नाही. कोणते झाड एका पूर्वजावर जाते, कोणते दुसऱ्यावर. म्हणून दर हंगामाला नवी पुडी आणावी लागते. चिंधी बांधलेल्या वालाचे तसे नाही. वालाचे फूल बहुधा आपल्याच परागाने फळते. त्यामुळे यंदाच्या शेंगेत जे गुण आहेत, ते पुढच्या वर्षीच्या वेलातही उतरतात. भोपळा, काकडी यांची गोष्ट निराळी. त्यांचे पराग मधमाश्या एका वेलावरून दुसऱ्या वेलावर नेतात आणि दोन जाती जवळ असल्या तर मिसळ होते. आजीला परागाचे शास्त्र ठाऊक नाही. तरी ती परसात दुध्याची एकच जात लावते. “दोन लावले, की दोन्ही बिघडतात,” एवढेच ती सांगते.

बी धरणे म्हणजे उरलेसुरले बाजूला ठेवणे नव्हे. जे उत्तम, ते न खाता राखणे, हा त्यातील खरा कस आहे. कीड न लागलेला, थंडीवाऱ्यात टिकलेला आणि वेळेवर फुललेला वेल निवडावा लागतो. त्यावरचे पहिले फळ नको, अखेरचेही नको. मधल्या बहराचे घ्यावे. शेंग वेलावरच पूर्ण वाळू द्यावी. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला एक दुध्या असाच वाळत लोंबतो आहे. त्याची साल लाकडासारखी कठीण झाली आहे, आणि नातवाने हलविला की आतील बिया खुळखुळतात. वळचणीला टांगलेल्या दोडक्यांची आता नुसती जाळी उरली आहे. टोकाचे टोपण उघडले, की काळ्या बिया आपोआप बाहेर सांडतात.

माघातील कोरडे ऊन हे बियांच्या वाळवणीचे ऊन. दुपारच्या निवांत वेळी आजी सूप घेऊन बसते. वाल सोलते, पाखडते, पोचट व डाग पडलेले दाणे वेचून काढते. चांगले दाणे उन्हात दोन-चार दिवस पसरते. मग एक दाणा दाताखाली धरून पाहते. दाणा दबला, तर अजून ओल आहे. कट् असा आवाज करून फुटला, तर बी तयार झाले. ओल राहिलेले बी बुरशीने जाते, आणि भुंग्यालाही ते मऊ सापडते. पुरते वाळलेले दाणे ती चाळलेल्या राखेत घोळते आणि मातीच्या मडक्यात राखेसकट भरते. राख दाण्यादाण्यांमधील पोकळी भरून टाकते. मग भुंग्याला हिंडण्यास वाव राहत नाही. वर कडुलिंबाचा पाला घालून मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपले, की मृगापर्यंत त्याकडे पाहण्याचे कारण नाही. काकडीच्या बिया शेणाच्या गोळ्यात थापून भिंतीला लावलेल्या आहेत. मक्याची कणसे चुलीवरच्या धुरात टांगली आहेत. पाहुण्याला ते घर काळवंडलेले वाटेल; पण तो धूर घराच्या पुढल्या वर्षाची राखण करीत असतो.

सुनेच्या प्रश्नाचे उत्तर आजीने त्या दुपारी दिले. सासूसुना सूप मधे ठेवून वाल निवडीत बसल्या होत्या. नातूही शाळेतून येऊन जवळ टेकला होता. आजीने १९७२ सालची हकीकत सांगितली. त्या वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. ती नुकतीच सासरी आली होती. कणगी रिकामी झाली. घरातील मोठी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडण्यास जाऊ लागली. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर दिवस निघत होते. त्या दिवसांतही उतरंडीच्या तळाशी एक लिंपलेले मडके होते, आणि त्यात वालाचे व भाताचे बी होते. एका रात्री भूक असह्य होऊन तिने त्या मडक्यावर हात ठेवला. अंधारातून सासूचा आवाज आला. तो रागाचा नव्हता. “मुली, ते पोटासाठी नाही. पावसासाठी आहे.”

पुढच्या वर्षी पाऊस आला. ज्यांच्यापाशी बी उरले होते, त्यांनी पेरले; ज्यांच्यापाशी नव्हते, त्यांनी या घरातून ओंजळ-ओंजळ नेले. “चिंधी बांधली आहे ना, ती त्याच वालाला,” आजी म्हणाली. सून काही बोलली नाही. सुपातील दाणे ती अधिक सावकाश निवडू लागली.

भुकेल्या माणसाने बी राखल्याची ही कथा केवळ आपल्याकडची नाही. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत, जर्मन सैन्याने रशियातील लेनिनग्राड शहराला वेढा घातला होता. त्या शहरात वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी जगभर हिंडून जमविलेल्या बियांचा मोठा संग्रह होता. शहरात अन्नाचा कण मिळेनासा झाला. माणसे रस्त्यात कोसळू लागली. संग्रहालयात मात्र गहू, तांदूळ, वाटाणे, भुईमूग यांच्या पिशव्या फडताळांत रचलेल्या होत्या. तेथील कर्मचाऱ्यांनी त्यांना हात लावला नाही. त्यांपैकी कित्येकजण उपासमारीने मेले. तांदळाच्या संग्रहाची राखण करणारा शास्त्रज्ञ तांदळाच्या पिशव्यांच्या सान्निध्यातच गेला. लेनिनग्राडचे ते विद्वान आणि सह्याद्रीच्या वाडीतील ती निरक्षर सासू यांना एकमेकांचे नावही ठाऊक असणे शक्य नव्हते. पण बियाणे आपल्या मालकीचे नसून पुढे येणाऱ्यांची ठेव आहे, ही जाणीव दोघांनाही होती.

आज ही ठेव राखण्याचे प्रयत्न मोठ्या प्रमाणावर होत आहेत. दिल्लीतील राष्ट्रीय जनुकपेढीत बिया शून्याखाली अठरा अंश तापमानात ठेवतात. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला. संरक्षित वाणाचे बी छापील नावाने विकण्याची तेवढी मुभा नाही. आणि याच अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी, शाळेचे तोंड न पाहता, आपल्या घरी गावठी वाणांची बीजपेढी उभारली. ‘बीजमाता’ म्हणून त्यांना सारे ओळखतात, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शीतगृहातील बी सुरक्षित राहते हे खरे; परंतु ते निजलेले असते. परसातील बी दरवर्षी मातीत पडते, बदलत्या पावसाला आणि थंडीला तोंड देते, आणि जे टिकते त्यालाच पुन्हा चिंधी बांधली जाते. म्हणून दोन्ही पेढ्या हव्यात.

त्या घरातील पेढीला मात्र एक धोका होता, आणि तो भुंग्याचा नव्हता. कोणत्या मडक्यात काय आहे, हे फक्त आजीला ठाऊक होते. कोणता वाल पांढऱ्या फुलाचा, कोणता जांभळ्या; कोणता उथळ मातीत चालतो, कोणता बांधावरच लावावा; कोणत्या भाताला पाणी साचलेले सोसते; हे सारे तिच्या स्मरणात होते, आणि स्मरण आता मधूनच दगा देऊ लागले होते. ती गेली असती, तर बी उरले असते. पण त्याची ओळख नाहीशी झाली असती. ओळख हरवलेले बी कोणी फार दिवस राखत नाही.

हे पहिल्याने सुनेच्या ध्यानात आले. तिने मुलाला शाळेची एक कोरी वही आणावयास सांगितली. संध्याकाळी गोठ्याचे काम आटोपले, दिवाबत्ती झाली, की आजी एकेक मडके पुढे ओढी आणि नातू लिहून घेई. नाव, फुलाचा रंग, लावण्याची वेळ, किती दिवसांनी शेंग येते, भाजीला चांगला की डाळीला, आणि हे बी कोणाच्या घरून आले. या अखेरच्या रकान्यात माहेरची, आत्याची, डोंगरापलीकडच्या गावची अशी किती तरी नावे आली. आजीच्या साऱ्या आयुष्यातील येणेजाणे त्या वहीत बियांच्या रूपाने उतरत गेले.

रथसप्तमीच्या सकाळी अंगणात गोवऱ्या पेटवून मातीच्या बोळक्यात दूध उतू जाऊ दिले. त्या दिवशी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचाही शेवट होता. इतर वर्षी सून बाजारातून वाटण्यासाठी काहीतरी जिन्नस आणीत असे. या वर्षी तिने जुन्या सुती कापडाच्या लहान लहान पुरचुंड्या शिवल्या आणि त्यांत वाल, दोडका व दुध्या यांचे बी बांधले. प्रत्येक पुरचुंडीत नातवाने सुवाच्य अक्षरात लिहिलेली चिठ्ठी घातली. सवाष्णींना द्यायचे तेही वाण आणि पेरायचे तेही वाण. आपल्या भाषेने दोहोंना एकच शब्द दिला आहे, हे त्या दिवशी वाडीतील बायकांच्या ध्यानात आले आणि थोडे हसूही झाले. त्यांच्यातील एकजण म्हणाली, “पुढल्या रथसप्तमीला दुप्पट परत आणीन.” आजी ओसरीवरून म्हणाली, “मला नको. दुसरीला दे.”

पाठवणी झाल्यावर नातू मडकी पुन्हा जागेवर ठेवीत होता. अगदी मागच्या लहान गाडग्यात काही दाणे निघाले. तांबूस, मधे पांढरी रेघ असलेले. त्याने ते आजीपुढे धरले. तिने दाणे तळहातावर फिरविले, उजेडात नेऊन पाहिले. पण नाव काही आठवेना. नातू पेन्सिल हातात धरून वाट पाहत राहिला.

“तेवढी ओळ कोरी ठेव,” आजी म्हणाली. “मृगात कुंपणाशी टोक. फूल आले, की वेलच नाव सांगेल.”